फेरेटच्या ताटलीतले हाड आणि कलेजी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी पाळीव प्राण्यांवर लेख आला होता. त्यात फेरेटविषयी दोन परिच्छेद होते आणि त्यांचा समारोप असा होता की, हा प्राणी संपूर्ण मांसाहारी असल्याने त्याला पाकिटातले कोरडे खाद्य घालण्यापेक्षा कच्चे चिकन घालावे, तेच त्याच्या निसर्गाला धरून आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून मी इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायरमध्ये, लहान प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतो. आपल्याकडे फेरेट अजून नवलाईचा असला तरी इथे तो चांगलाच सरावाचा आहे आणि त्याच्या आहाराचे प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतात. लेखातल्या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा, म्हणजे कच्चे चिकन घातले की काम झाले हा समज, मात्र जनावराच्या जिवावर बेतू शकतो. आपले वृत्तपत्र इथल्या मराठी घरांतही वाचले जाते आणि त्यांतल्या काही घरांत फेरेट आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फेरेट हा युरोपातल्या जंगली पोलकॅटचा माणसाळलेला वंशज आहे. दिसायला मुंगसाची आठवण करून देणारा असला तरी कुळाने तो पाणमांजराचा भाऊबंद. सशांची बिळे उकरण्यापेक्षा बिळात फेरेट सोडावा, तोंडाशी जाळे लावावे आणि भेदरून बाहेर येणारा ससा धरावा, ही युक्ती माणसाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. यॉर्कशायर-लँकशायरच्या खाणकामगारांनी ती अगदी अलीकडपर्यंत जिवंत ठेवली. मात्र ज्या प्राण्याच्या जिवावर घरात सशाचे कालवण शिजे, त्या प्राण्याच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या दुधात कुस्करलेला पाव येत असे. मांस दिले तर तो चावरा होतो, अशी समजूत होती, आणि पाव स्वस्तही होता. त्या आहारावर जनावरे पातळ शी करीत, अंगाने झडत आणि लवकर मरत. तरी ही पद्धत सुटायला फार काळ गेला. आपल्याकडे मांजरीपुढे दूध-पोळी ठेवून तिचे पोट भरले असे मानण्याची रीत याच जातीची आहे. पोट भरते, अंगी लागत नाही.

अंगी का लागत नाही, हे त्याच्या आतड्यात पाहावे. फेरेटचे आतडे आखूड असते, आणि वनस्पतिजन्य अन्न आंबवून पचवण्यासाठी इतर अनेक प्राण्यांत लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर जी पिशवी असते, ती याला मुळीच नाही. खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. एवढ्या अवधीत त्याला प्राणिज प्रथिने आणि चरबी उत्तम पचते. डाळ, मका, बटाटा, भात यांतले फारसे काही हाती लागत नाही. अन्नातले पाणी वगळून हिशेब केला तर साधारण ३५ ते ४० टक्के प्रथिने, २० टक्क्यांच्या आसपास चरबी आणि ३ टक्क्यांहून कमी तंतू, अशी त्याची गरज धरली जाते. कुत्र्यांचे स्वस्त खाद्य, ज्यात प्रथिनांचा मोठा वाटा धान्याचा असतो, फेरेटला घातले तर लघवी अल्कधर्मी होऊन मूत्राशयात खडे धरतात, आणि नराची लघवी तुंबली तर तासांचा प्रश्न उरतो. तेव्हा मांस हवे, यावर वाद नाही. कोणते मांस, हा वाद आहे.

इथे एक प्रसंग सांगतो. ते कुटुंब मूळचे आपल्याकडचेच, घरात मांस न शिजणारे. मुलाच्या हट्टाखातर त्यांनी फेरेटचे पिल्लू आणले होते. त्यांनी वाचले होते की कच्चे मांस उत्तम, म्हणून सुपरमार्केटमधून कातडे काढलेले, हाड काढलेले, चरबीचा धागाही नसलेले कोंबडीच्या छातीचे मांस आणून ते रोज बारीक कापून घालीत. त्यात हयगय नव्हती, उलट खर्च जरा जास्तच होता. ज्यांना मांस हाताळण्याची सवय नाही त्यांना हाच भाग सर्वांत कमी किळसवाणा वाटतो, हेही समजण्यासारखे आहे. पिल्लू चार महिन्यांचे होत आले तेव्हा त्याने उड्या मारणे सोडले, मागचे पाय फरफटायला लागले आणि उचलले की ते ओरडे. एक्स-रे काढला तर फिल्मवर हाडे शोधावी लागत होती. निरोगी पिल्लाची हाडे मांसाच्या करड्या सावलीत पांढरीशुभ्र उठून दिसतात. याची हाडे आणि मांस जवळजवळ एकाच छटेचे होते, आणि मांडीचे हाड मधोमध दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखे वाकलेले होते. मार लागलेला नव्हता. नुसत्या स्वतःच्या वजनाने ते वाकले होते.

याचे कारण साध्या गणितात आहे. कोंबडीच्या शंभर ग्रॅम मांसात कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम असतो. वाढत्या जनावराला हे दोन्ही जवळपास सारखे, किंबहुना कॅल्शियम थोडे अधिकच लागते. रक्तातले कॅल्शियम एका ठरावीक पातळीखाली जाऊ देणे शरीराला परवडत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर चालते. म्हणून आहारातून ते मिळाले नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढून घ्यायला लागतात, आणि घेतच राहतात. रक्ताच्या साध्या तपासणीत त्यामुळे बराच काळ काही सापडत नाही, जनावर टुणटुणीत दिसते, मांस चवीने खाते, आणि पाय वाकतो तेव्हाच घरच्यांच्या लक्षात येते. त्या पिल्लाला काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, कॅल्शियम आणि नीट आखलेला आहार दिल्यावर हाडे भरून आली. वाकलेले हाड मात्र वाकलेलेच राहिले.

निसर्गात पोलकॅट ससा, उंदीर, बेडूक, पक्ष्याचे पिल्लू खातो, तेव्हा त्याच्या पोटात केवळ लाल मांस जात नाही; बरगड्या, काळीज, यकृत, मूत्रपिंड, कातडे, रक्त, पिसे हे सगळे जाते. संतुलित कच्चा आहार म्हणजे त्या सावजाची जुळणी आहे. सर्वांत सोपा मार्ग अर्थातच अखंड सावज देण्याचा. इथल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गोठवलेले उंदीर आणि एक दिवसाची कोंबडीची पिल्ले सहज मिळतात. ही पिल्ले अंड्यांच्या धंद्यात नको असलेले नर असतात. तिथे ती मारली जातातच आणि मग ससाणे, साप आणि फेरेट यांच्या खाद्यासाठी विकली जातात. मराठी घरांत हे वाचून अनेकांच्या अंगावर काटा येईल, याची मला कल्पना आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्याला हे पाहवत नाही, त्याने फेरेट पाळण्यापूर्वीच त्याचा विचार करावा. पाळल्यावर जनावराला आपल्या सोयीच्या आहारावर ठेवू नये. आणि एक दिवसाची पिल्ले सोपी पडतात म्हणून तीच ती रोज घालणेही योग्य नाही, कारण त्यांची हाडे अजून नीट घडलेली नसतात आणि पोटात अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा असतो. आठवड्यातून दोन-तीनदा ठीक. जिवंत सावज सोडण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये. इथे २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि घाबरलेला उंदीर फेरेटच्या डोळ्याला चावतो तो वेगळाच.

अखंड सावज नको असेल तर भाग जुळवावे लागतात. इथल्या अनुभवी पाळणाऱ्यांचा ठोकताळा असा की एकूण वजनात हाड साधारण दहा टक्के, यकृत पाच टक्के, मूत्रपिंड किंवा प्लीहा असा दुसरा एखादा अवयव पाच टक्के, आणि उरलेले मांस, ज्यात हृदयाचा वाटा भरपूर असावा. एक किलो वजनाचा प्रौढ फेरेट रोज सुमारे सत्तर ग्रॅम खातो असे धरले, तर आठवड्याचे पाचशे ग्रॅम होतात. त्यात हाड पन्नास ग्रॅम हवे. कोंबडीच्या पंखात जवळजवळ निम्मे वजन हाडाचे असते, म्हणजे शंभर-एकशे दहा ग्रॅम पंख घातले की हाडाची बेरीज जमली. कलेजी पंचवीस ग्रॅम, मूत्रपिंड पंचवीस ग्रॅम, हृदय साठ-सत्तर ग्रॅम, बाकी मांडीचे मांस, ससा, टर्की, मेंढी, जे मिळेल ते आलटून-पालटून. हे प्रमाण एकाच ताटलीत काटेकोर जमले पाहिजे असे नाही, आठवड्यात जमले तरी चालते. मात्र अंदाजपंचे घालण्यापेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा जवळ ठेवावा. शी पांढरट आणि भुसभुशीत झाली तर हाड जास्त झाले, काळपट आणि सैल झाली तर कलेजी किंवा इतर अवयव जास्त झाले, असे सर्वसाधारणपणे समजावे.

कलेजीविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. ती मुळीच घातली नाही तर अ जीवनसत्त्व आणि तांबे कमी पडते. ती स्वस्त मिळते आणि फेरेट तिच्यावर तुटून पडतो म्हणून रोज वाटीभर घातली तर अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाऊन हाडांनाच अपाय करते. आपल्याकडे मांजरीसाठी कोंबडीवाल्याकडून कलेजी-पेटा आणून रोज तेवढेच घालणारी घरे मी पाहिली आहेत. मांजरीच्या मानेचे मणके अशाने एकमेकांना चिकटतात आणि तिला मान वळवता येत नाही. हृदयाचा आग्रह टॉरिन या घटकासाठी आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिले की मांजरांत हृदय फुगून निकामी होण्याचा जो आजार तोवर अनाकलनीय वाटे, तो आहारात टॉरिन कमी पडल्याने होतो आणि ते दिल्यावर सुधारतो. फेरेटबाबत एवढे सखोल काम झालेले नाही, पण त्याच्या शरीराची घडण मांजरीच्या इतकी जवळची आहे की ही जोखीम घेण्यात अर्थ नाही. कामाचे स्नायू, म्हणजे हृदय आणि तंगडी, यांत टॉरिन भरपूर असते, छातीच्या पांढऱ्या मांसात कमी, आणि सशाच्या मांसातही कमी. हाड काढलेले पांढरे मांस हे माणसाच्या डाएटला कितीही मानवले तरी फेरेटसाठी ते सर्वांत कमी कसाचे मांस आहे.

माशांबाबत सावध राहावे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फरसाठी पाळलेले कोल्हे कच्च्या कार्प माशांवर ठेवले होते. ते आधी खायचे थांबले, मग लुळे पडले आणि मेले. कारण असे निघाले की काही जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते. मिंक, हा फेरेटच्याच कुळातला फरसाठी पाळला जाणारा प्राणी, आणि फेरेट यांनाही तोच धोका आहे. मासा शिजवला की ते विकर निकामी होते, त्यामुळे क्वचित एखादा शिजवलेला तुकडा द्यायला हरकत नाही. अंडे अधूनमधून चालते, नुसता कच्चा पांढरा भाग मात्र रोज नको. कांदा, लसूण, मीठ-मसाला घातलेले घरचे मांस, दूध, मनुका, यांचा विचारच करू नये. हाड नेहमी कच्चेच असावे. शिजलेले हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटते.

आता एक अडचण, जिच्यापुढे पुष्कळांचे घोडे अडते. काय खाण्याजोगे आहे याची ओळख फेरेट आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत वासावरून करून घेतो आणि ती फार पक्की असते. कोरड्या खाद्यावर वाढलेल्या दोन वर्षांच्या फेरेटपुढे ताजा ससा ठेवला तर तो त्यावरून पाय देऊन निघून जातो. अशा वेळी उपाशी ठेवले की आपोआप खाईल, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. हा प्राणी दिवसातून सात-आठदा, कधी दहादाही थोडे थोडे खातो. तीन वर्षांवरच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठी वारंवार आढळतात आणि अशा फेरेटला काही तास उपाशी ठेवले तर साखर एकदम उतरून झटके येऊ शकतात. बदल सावकाश करावा. जुने खाद्य कोमट पाण्यात भिजवावे, त्यात चमचाभर बारीक वाटलेले कच्चे मांस कालवावे, बोटाने थोडे ओठांना लावावे, आणि आठवड्यागणिक प्रमाण वाढवावे. काहींना यात दोन महिने लागतात. म्हाताऱ्या किंवा आजारी फेरेटवर हा प्रयोग न केलेलाच बरा.

याच ठिकाणी कच्च्या आहाराच्या कट्टर समर्थकांशी माझा मतभेद नोंदवतो. वर सांगितलेल्या गाठी कोरड्या खाद्यातल्या पिष्टामुळे होतात आणि कच्च्या मांसावर त्या होतच नाहीत, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हा तर्क शक्य कोटीतला आहे, कारण जंगली पोलकॅटच्या आहारात पिष्ट जवळजवळ नसते. पण तो सिद्ध झालेला नाही, आणि मांसावर वाढलेल्या फेरेटमध्येही मी या गाठी पाहिल्या आहेत. अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींच्या आजाराचे खापरही आहारावर फोडले जाते, तिथे तर लहान वयात केलेल्या नसबंदीकडे अधिक बोट जाते. कच्च्या आहाराचे जे फायदे दिसतात ते सांगायला एवढ्या मोठ्या दाव्यांची गरज नाही: शी कमी होते, तिचा वास कमी होतो, हाड चघळल्याने दातांवर कीट धरत नाही, आणि जेवण हा त्या जनावराचा दिवसातला एक उद्योग होतो. ज्यांना वजनकाटा, गोठवणपेटी आणि सवड नाही, त्यांनी फेरेटसाठी बनवलेले, मांस पहिल्या क्रमांकावर असलेले चांगले कोरडे खाद्य द्यावे. मी ते बिनदिक्कत सुचवतो. अर्धवट जुळवलेल्या कच्च्या आहारापेक्षा ते केव्हाही सुरक्षित आहे.

इथे बाजारात गोठवलेल्या तयार खिम्याची पाकिटेही मिळतात आणि बहुतेक मराठी घरे शेवटी त्यांच्याकडेच वळतात. ती घेताना मागची बारीक अक्षरे वाचावी. इथल्या नियमानुसार पाकिटावर 'कम्प्लीट' लिहिलेले असेल तर तेवढ्यावर जनावराचे पोषण व्हायला हवे. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेले असेल तर ते केवळ जोडीला द्यायचे आहे. दुकानातल्या पेटीत दोन्ही एकाच रंगसंगतीची, शेजारी-शेजारी पडलेली असतात, आणि दुसऱ्या प्रकारचे पाकीट दहा-वीस पेन्स स्वस्त असते. पहिल्या प्रकारचे घेतले तरी ते कुत्र्यासाठी बनवलेले आहे की मांजरासाठी, हे पाहावे. कुत्र्याच्या खिम्यात पुष्कळदा भाजी मिसळलेली असते. फेरेटला मांजराचे त्यातल्या त्यात जवळचे पडते.

स्वच्छतेची बाब राहिली, आणि ती सर्वांत गंभीर आहे. कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असू शकतात आणि गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. फेरेटला स्वतःला काही होत नसले तरी त्याच्या शीतून ते घरात पसरतात. म्हणून तान्हे मूल, गर्भवती स्त्री, कर्करोगाचे उपचार चालू असलेली व्यक्ती किंवा वृद्ध आईवडील ज्या घरात आहेत, तिथे मी कच्चा आहार सुचवत नाही. त्यात या प्राण्याची आणखी एक खोड म्हणजे तो खाणे लपवतो. सोफ्याच्या मागे, गादीच्या घडीत, बुटाच्या टोकात पंखाचा अर्धा तुकडा तीन दिवसांनी वासावरून सापडतो. म्हणून कच्चे नेहमी पिंजऱ्यातच द्यावे आणि थोड्या वेळाने उरलेले उचलावे. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात तर ते तासभरही ठेवू नये. तिथला उन्हाळा खुद्द फेरेटलाही सोसत नाही, पण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

बर्ड फ्लूचा उल्लेख आपल्या लेखात नव्हता, तो असायलाच हवा होता. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातला द्रव फेरेटच्या नाकात घालून माणसाच्या इन्फ्लुएन्झाचे कारण विषाणू असल्याचे दाखवले. तेव्हापासून आजवर फ्लूच्या संशोधनात हाच प्राणी वापरला जातो, कारण फ्लूचे विषाणू त्याच्या श्वसनमार्गात जवळजवळ माणसासारखेच रुजतात. म्हणजे एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या दृष्टीने हे पाळीव जनावर फार नाजूक आहे. २००४ साली थायलंडमधल्या श्रीराचा इथे कच्च्या कोंबड्या खाऊन शंभरावर वाघ गेले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात कच्च्या टर्कीचे गोठवलेले खाद्य खाल्लेली मांजर याच विषाणूने मेली आणि लगेच पुढच्या महिन्यात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कच्चे खाद्य बनवणाऱ्यांना सुरक्षेच्या योजना नव्याने तपासायला लावल्या. आपल्या नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच सुमारास दगावले, जानेवारी २०२५ मध्ये तपासणीत एच५एन१ निघाला आणि संशयाची सुई खाद्यातल्या कोंबडीकडे वळली. ज्या महाराष्ट्रात २००६ साली नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तिथल्या वाचकांना कच्चे चिकन हे निसर्गाला धरून आहे एवढेच सांगून थांबणे मला बरोबर वाटत नाही.

परिसरात बर्ड फ्लूची साथ असेल तेव्हा कोंबडी, टर्की, बदक कच्चे घालू नये. गोठवणपेटीवर भिस्त ठेवू नये, थंडीत हा विषाणू टिकतो. त्या काळात ससा, मेंढी किंवा बोकडाच्या मांसावर भागवावे, नाहीतर कोंबडी पूर्ण शिजवून, प्रत्येक हाड काढून टाकून द्यावी. हाड काढले की कॅल्शियम गेले, म्हणून त्यात पशुवैद्यकाने ठरवून दिलेल्या मापाने हाडांची भुकटी किंवा वाळवून बारीक दळलेले अंड्याचे कवच मिसळावे. शिजवल्याने टॉरिन पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी फेकू नये, त्यातच मांस कालवावे. घरात कोणाला फ्लूचा ताप असेल तर त्याने फेरेटला जवळ घेऊ नये, हेही सांगून ठेवतो. तो त्याला माणसाकडूनही होतो.

इथे फेरेटची पिल्ले बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडी जन्मतात आणि आठ आठवड्यांची झाली की, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, नव्या घरी जातात. हाडे झपाट्याने वाढण्याचे आणि चवी पक्क्या होण्याचे दिवस नेमके तेच. पुरवणीत दुरुस्ती छापायची झाल्यास ती त्याआधी छापली जावी, आणि 'कच्चे चिकन' या शब्दांपुढे निदान हाड, कलेजी आणि हृदय यांचे प्रमाण द्यावे, एवढी विनंती आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक मराठी पशुवैद्यक,
यॉर्कशायर, इंग्लंड